तालीम बघितल्याशिवाय फी भरू नका

उन्हाळ्याच्या सुट्टीत हल्ली आमच्या ओतूरलाही नाट्यशिबिरांचे फ्लेक्स लागतात. 'मालिकेत संधी' ही अक्षरं सगळ्यात मोठी. काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या अशाच एका शिबिराला माझी मुलगी गेली. तेव्हा ती सातवीची परीक्षा देऊन बसली होती, वर्गात हात वर करायलाही लाजायची. तिनं नटी व्हावं असं काही मनात नव्हतं. चार माणसांत तोंड उघडावं, एवढंच.

संवाद आधीच रेकॉर्ड करून आणलेले. पोरांनी नुसते ओठ हलवायचे. धीट होती ती राजा-राणी, बाकीची मावळे नाहीतर झाडं. आमची झाड. शेवटचा कार्यक्रम झोकात झाला. पोशाखाचं भाडं, व्हिडिओ, प्रमाणपत्र, सगळ्याचे पैसे वेगळे. वर 'पोर्टफोलिओ करून घ्या' म्हणून फोन सुरू. घरी आल्यावर पोरगी म्हणाली, "आई, राजाचे ओठ सारखे मागं पडत होते. मला बोलू दिलं असतं तर मी तिथंच त्याला सांगितलं असतं." म्हणजे बोलायला तिच्याजवळ होतं की! विचारलं कुणी नव्हतं.

पुढं ती एका हौशी मास्तरांकडं नाटकाच्या तासाला जाऊ लागली, तिथं एकदा मी मागं बसले. शाळेचा व्हरांडा, ना माइक ना पडदा. एक पोरगा धावत आला, "आजी, उसात बिबट्या शिरलाय!" आजी झालेला म्हणाला, "कसला बिबट्या, मांजर असेल." खेळ तिथंच मेला. मास्तरांनी थांबवलं. समोरचा बोलला ते खरं धरायचं आणि त्यावर आपलं चढवायचं, हा त्यांचा एकच नियम. पुन्हा सुरू. या वेळी आजी म्हणाली, "हळू बोल, आत्ताच त्याला भाकरी घातलीय." एवढ्यात आमची लाजाळू उठली, कंबरेवर हात ठेवून वनखात्याची साहेबीण झाली. "भाकरी घातली? परवाना दाखवा!"

असे खेळ व्हायोला स्पोलिन या बाईंनी शिकागोत मुलांसाठी रचले, त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६३ साली आलं. पण आपल्याला ही नवलाई कशाला वाटावी? पलीकडं नारायणगावला तमाशाच्या राहुट्या पडतात. जुन्या वगाची गोष्ट तेवढी ठरलेली असायची, बोलणं उभ्या उभ्या रचायचं. बतावणीतला सोंगाड्या तर हजरजबाबीपणावरच जगला.

तेव्हा शिबिर निवडताना शेवटच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघू नका, मधल्या एखाद्या दिवशी जाऊन तालीम बघा. तासाभरात किती पोरं स्वतःचं वाक्य बोलली, ते मोजा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. लाजरं मूल पहिले काही दिवस नुसतं बघत बसलं तरी मास्तर त्याला ओढून पुढं आणत नाहीत ना, हेही बघा. आठवी-नववीच्या पोरांना सगळ्यांदेखत चिडवलेलं तर फारच लागतं. खर्च किती, तो कशाकशाचा, फोटो-व्हिडिओ कुठं टाकणार, हे आधी कागदावर घ्या. शिकवणाऱ्यांबरोबर दुसरं मोठं माणूस, शक्यतो एखादी बाई, हजर हवीच. आणि आपल्याकडं चहूकडं ऊस, उसात बिबट्या, म्हणून हिवाळ्यातही वर्ग चालत असेल तर तास दिवेलागणीच्या आत सुटला पाहिजे; पोरांना वस्तीवर कोण सोडणार, ते पहिल्याच दिवशी ठरवा.

मालिकेचं गाजर दाखवलं तर कायदा ठाऊक असू द्या. २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या कमाईतला किमान २० टक्के भाग त्याच्याच नावानं मुदत ठेवीत जमा करावा लागतो. म्हणजे कामाचे पैसे मुलाला मिळायचे असतात. इथं उलट तुमच्याकडंच मागत असतील, तर निर्माता कोण, मालिका कोणती आणि परवानगीचा कागद कुठंय, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत रुपयाही देऊ नका.