कॉम्प्युटर मुद्दाम बंद पाडणारा मुलगा

मुलुंडच्या एका आईने मला विचारलं, "सर, बाकीची मुलं कॉम्प्युटर चालवायला शिकतात, आणि आमचा सुट्टीभर तो बंद पाडत बसलाय. याला नोकरी कोण देणार?" मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बंद पडत होता तो घरचा कॉम्प्युटर नव्हे, त्याच्या पोटात चालवलेला नकली, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्यावर हा पठ्ठ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा जुना कर्नल तपासत होता.

कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, कुठल्या फाइलला कोणी हात लावायचा, हे कर्नल ठरवतो. आईंना मी त्यांच्याच सोसायटीचं उदाहरण दिलं. ऑफिसातलं रजिस्टर कोणीही वाचावं, पण त्यात खाडाखोड करायची नाही. कुणी लिहायचा हट्टच धरला तर सेक्रेटरी त्या पानाची झेरॉक्स काढून देतात आणि म्हणतात, यावर लिहा. आता पेन टेकायच्या आत दुसऱ्याने ती झेरॉक्स उचलून केरात टाकली तर? 'लिहा' तर म्हणून झालेलं असतं. पेन खाली येतं ते थेट मूळ पानावर. दोन कामांच्या अशा शर्यतीतून होणाऱ्या घोटाळ्याला रेस कंडिशन म्हणतात.

लिनक्समध्ये नेमकी हीच चूक वर्षानुवर्षं होती आणि ती दुरुस्त झाली ऑक्टोबर 2016 मध्ये. तिचं नाव 'डर्टी काऊ'. 'कॉपी ऑन राइट'च्या आद्याक्षरांमुळे त्यात गाय आली. तिचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता यंत्राचा मालक होऊ शकत होता. खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, त्याच्या अकरा वर्षं आधी ही दुरुस्ती करून पाहिली होती, पण ती टिकली नव्हती. फिल ओस्टर या संशोधकाला चूक सापडली ती हल्ला झालेल्या सर्व्हरवर येणारी रहदारी नोंदवून ठेवली होती म्हणून. नोंदी ठेवण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. पुढे 2017 मध्ये 2016 ची दुरुस्तीही अपुरी असल्याचं उघड झालं.

तपासणी सांगायला सोपी आहे. बदलायची परवानगी नाही अशी फाइल घ्यायची. प्रोग्रामचा एक धागा, म्हणजे थ्रेड, तिच्यात लिहायचा प्रयत्न करत राहतो, दुसरा कर्नलने काढून दिलेली प्रत फेकत राहतो. मग फाइल बदलली का ते पाहायचं. अडचण अशी की दहा मिनिटांत काही घडलं नाही, म्हणजे चूक नाही असं होत नाही. प्रोसेसरचे कोअर बदलले, यंत्रावरचा ताण बदलला की निकाल फिरतो. म्हणूनच लिनक्सच्या 5.8 आवृत्तीत, 2020 साली, केसीसॅन हे साधन आलं. ते एका धाग्याला मुद्दाम किंचित रोखून धरतं आणि तेवढ्यात दुसरा कोणी त्याच जागेला हात लावतो का, ते टिपतं. सिझकॉलर नावाचं साधन तर कर्नलला रात्रंदिवस वेडेवाकडे प्रश्न विचारत राहतं.

या कामाला मार्कांपेक्षा चिवटपणा लागतो, असं माझं मत. 'एथिकल हॅकर'ची झटपट प्रमाणपत्रं विकणारे क्लास अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत भेटतील. मी तरी त्यात फी भरायला सांगणार नाही. आधी सी भाषा, मग ऑपरेटिंग सिस्टीम. पवईच्या आयआयटीतल्या प्रा. मैथिली वुतुकुरू यांच्या या विषयाच्या नोट्स नेटवर मोफत आहेत. 'सीड लॅब्स' या सुरक्षेच्या प्रयोगमालिकेत डर्टी काऊचाच प्रयोग आहे. इंजिनिअरिंगच हवं असं नाही, बीएससी आयटीवाल्यांनाही वाट आहे. इंजिनिअरिंगच्या किंवा एमसीएच्या पदवीनंतर सीडॅकचा सिस्टीम आणि सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम आहे, त्याची प्रवेश परीक्षा सी-कॅट.

निव्वळ कर्नलच्या नोकऱ्या थोड्याच, आणि त्यासाठी बेंगळुरू किंवा पुणे गाठावं लागण्याची तयारी हवी. पण एम्बेडेड, अँड्रॉइड, क्लाउड या दारांतून आत जाता येतं. लिनक्समध्ये आपली एक छोटी दुरुस्ती स्वीकारली गेली तर ती नावानिशी जगाला दिसते; मुलाखतीत तेवढं पुष्कळ होतं.

एक गोष्ट मात्र घरीच बजावा. प्रयोग स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवरच. कॉलेजच्या सर्व्हरवर 'सहज बघितलं' म्हटलं तरी, हेतू अप्रामाणिक ठरला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 लागू शकतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

हे सगळं ऐकून आईंनी एवढंच विचारलं, "मग तो सोळा जीबी रॅम मागतोय, ती खरंच लागते का?"

आठवर भागेल, म्हटलं. कुरकुरेल जरा.

"कोण, लॅपटॉप की हा?"