टांचांच्या भेगा व त्यांची घरगुती शुश्रूषा

प्रभु येशूनें शेवटल्या भोजनाच्या वेळीं कमरेस रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले, हें योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायांत आपण वाचतों. दासाचें काम त्यानें आपल्या हातांनीं केलें. म्हणून पायांची निगा हा विषय ख्रिस्ती बंधुभगिनींनीं हलका मानूं नये.

नरखेड, मोवाड, जलालखेडा ह्या बाजूस थंडी पडली म्हणजे कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड ह्या दोन्ही कामांची घाई असते. पुष्कळ लोक ढेकळांतून अनवाणी किंवा उघड्या टांचेच्या चपलेनें चालतात, आणि ह्याच दिवसांत टांचा फुटतात. कित्येक बाया भेगांतून रक्त येत असतांही दिवसभर वेचणी करितात व घरीं कोणास सांगत नाहींत.

भेगा कां पडतात?

अंगाच्या इतर कातडीस स्निग्धता देणाऱ्या तैलग्रंथी तळपायांस नसतात. तेथें केवळ घामाच्या ग्रंथी असतात. शिवाय टांचेची कातडी फार जाड असते. कोरड्या हवेनें तिच्यांतील ओलावा गेला म्हणजे ती ताठर होते. मग उभें राहिल्यानें शरीराचा भार पडून टांच पसरते, आणि ताठर कातडीस ताणतां न आल्यामुळें ती फाटते. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत ओल गेल्यावर भेगा पडतात, तसेंच हें आहे. तेव्हां उपाय दोन: ओलावा देणें, व दिलेला ओलावा राखणें.

घरीं काय करावें?

1. रात्रीं निजण्यापूर्वीं कोमट पाण्यांत 15 ते 20 मिनिटें पाय बुडवून ठेवावे. पाणी किती ऊन आहे तें पायानें न पाहतां हाताच्या कोपरानें पाहावें.

2. नरम झालेली कातडी वजरीनें हलक्या हातानें घासावी. रक्त निघेपर्यंत घासूं नये. एका दिवसांत सर्व जाड कातडी काढण्याची घाई नको.

3. पाय टिपून घ्यावे, व ओल पुरती सुकण्यापूर्वींच खोबरेल, तिळाचें तेल किंवा व्हॅसलीन चोळावें. एक भाग मधमाशांचें मेण व चार भाग तिळाचें तेल मंद आंचेवर विरघळवून, पूर्ण थंड करून ठेविल्यास चांगलें मलम होतें. बोटांच्या बेचक्यांत मात्र तेल लावूं नये. तेथें ओल राहिली तर चिखल्या होतात.

4. वरून जुने स्वच्छ सुती मोजे घालावे किंवा मऊ फडकें गुंडाळावें. हा क्रम रोज पाळिला तर साध्या भेगा बहुधा कांहीं आठवड्यांत भरून येतात.

5. शेतांत जातांना टांच झांकणारें पायताण वापरावें.

काय करूं नये?

भेगेंत बिब्ब्याचें तेल घालण्याची चाल पुष्कळ गांवीं आहे. बिब्बा कातडी जाळतो, फोड आणितो व जखम मोठी करितो. उकळतें मेण किंवा चुनाही घालूं नये. वस्तऱ्यानें अगर ब्लेडानें कातडी कापूं नये. उघड्या भेगेवर माती, शेण किंवा राख लाविल्यानें धनुर्वाताचें भय असतें; म्हणून धनुर्वाताची लस घेतलेली असावी. भेगेभोंवतीं लाली, सूज, पू, दुर्गंधी किंवा अंगांत ताप दिसल्यास घरगुती उपाय थांबवून दवाखान्यांत जावें. मधुमेह असणाऱ्यानें तर लहान भेगही वैद्यास दाखवावी.

न दुखणारी भेग

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खोल भेग दुखली पाहिजे. जी दुखत नाहीं, ती अधिक भयाची. मधुमेहांत व कुष्ठरोगांत पायाच्या मज्जातंतूंस इजा होऊन संवेदना जाते. घाम येणें बंद होऊन पाय कोरडा पडतो व फुटतो. रोग्यास वेदना नसल्यामुळें तो त्या पायावर तसाच चालतो, आणि जखम हाडापर्यंत जाते. डॉक्टर पॉल ब्रँड हे 1946 सालीं वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. कुष्ठरोग्यांचे पाय मांस आपोआप सडून झडतात, असा तेव्हां समज होता. परंतु अशा बहुतेक जखमा न कळलेल्या इजांनीं होतात, असें त्यांनीं दाखवून दिलें. म्हणून अशा रोग्यानें रोज सांजेस आपले पाय पाहावे, भिजवावे व तेल लावावें.

कुष्ठरोगाचें औषध सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतें. रोगाच्या प्रकाराप्रमाणें तें सहा किंवा बारा महिने घ्यावें लागतें, आणि औषध सुरू झाल्यावर थोडक्याच काळांत त्या मनुष्यापासून दुसऱ्यास संसर्ग होण्याचें थांबतें. तेव्हां त्यास उपासनेंत दूर बसविणें किंवा प्रभुभोजनापासून वगळणें ह्यास कांहीं आधार नाहीं. लोक दूर करितील ह्या भयानेंच रोगी आपले पाय लपवितो, आणि लपविल्यानेंच ते गमावितो.

उपदेशकांस विनंति कीं, घरभेटीस जाल तेव्हां वृद्धांच्या व कष्टकरी बायांच्या पायांची विचारपूस करा. भेग दुखते कीं नाहीं, हें अवश्य विचारा. "दुखत नाहीं" असें उत्तर मिळाल्यास त्या मनुष्यास एकटें पाठवूं नका; त्याच आठवड्यांत स्वतः बरोबर दवाखान्यांत जा.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न: टांचेची कातडी कशानें फाटते? तेल केव्हां लावावें? बिब्बा कां वापरूं नये? न दुखणारी भेग काय सुचविते?