‘कॉम्प्रेसर गेला’ असं म्हणण्याआधी

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. मराठी विभागात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. पण ही गोष्ट घडली मराठीत, आणि मेसच्या मावशींनी ती इंग्लिशमध्ये वाचली नसती, म्हणून हा खटाटोप.

एप्रिल महिना, विदर्भातलं ऊन. दुपारी मेसमध्ये ताट घेऊन उभं राहिलं तर स्टीलचा चमचासुद्धा कोमट लागतो. अशा एका दुपारी मावशी म्हणाल्या, ‘‘व माय, हे फ्रिज नुसतं घुरघुर करते अन् टिक करून चूप बसते.’’ दूध नासलं, ते एक वेळ चाललं असतं. पण त्या फ्रिजच्या दारात एका डब्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलीचं महिन्याभराचं इन्शुलिन होतं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उघडलेली बाटली सुमारे चार आठवडे खोलीत चालते म्हणतात, पण ती खोली २५-३० अंशांची. आमच्या खोल्या तेव्हा रात्रीसुद्धा त्याच्या वर होत्या. ती पोरगी काही बोलली नाही, फक्त डबा हातात घेऊन उभी राहिली. मावशींनी लगेच कोऱ्या माठात ओली वाळू घालून त्यात डबा ठेवायची सोय केली. एक-दोन दिवस निभावणारी सोय, पण सोयच.

बाहेरून एक दुरुस्तीवाले आले. त्यांनी फ्रिजमागे वाकून दोनदा टिक ऐकलं आणि निकाल दिला, ‘‘कॉम्प्रेसर गेला. साडेचार हजार.’’ रेक्टर मॅडमनी अर्ज वर पाठवला. अर्ज वर जाऊन खाली यायला किती दिवस लागतात हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. मी थर्ड इयर मेकॅनिकलची. रेफ्रिजरेशनच्या पेपरात व्हेपर कॉम्प्रेशन सायकल काढून दहा मार्क आणले होते, पण खरा कॉम्प्रेसर हाताने कधी उघडून पाहिला नव्हता. इलेक्ट्रिकल मशीन्स लॅबच्या असिस्टंट काकांना मस्का लावला आणि ते मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर घेऊन आले.

आता मूळ मुद्द्यावर येते. फ्रिजचा काळा डबा म्हणजे सीलबंद कॉम्प्रेसर. आत पिस्टन आणि मोटर एकत्र. ही मोटर सिंगल फेजची. सिंगल फेजच्या मोटरला स्वतःहून फिरायला सुरुवात करता येत नाही, नुसती थरथरते. झोपाळ्याला पहिला धक्का कुणीतरी द्यावा लागतो तसंच. म्हणून तिच्यात दोन वाइंडिंग असतात: कायम चालणारं ‘रन’ आणि पहिल्या क्षणापुरतं, बारीक तारेचं ‘स्टार्ट’. मोटरने वेग घेतला की स्टार्टला बाजूला करायचं काम रिलेचं. आमच्या फ्रिजमध्ये पीटीसी रिले होता. त्यात बेरियम टायटनेटची एक चकती असते. ती थंड असताना करंट सहज जाऊ देते. गरम झाली की तिचा रेझिस्टन्स एकदम हजारो पटीने वाढतो आणि स्टार्ट वाइंडिंगचा रस्ता जवळजवळ बंद होतो. एकही हलणारा भाग नाही! मला तर ही आयडिया फार आवडली. त्याच्या शेजारी ओव्हरलोड प्रोटेक्टर. करंट जास्त गेला की आतली दुहेरी धातूची पट्टी वाकते आणि सप्लाय तुटतो. ते ‘टिक’ म्हणजे तोच. म्हणजे टिक करणारा गुन्हेगार नाही, तो वॉचमन आहे.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे ऐकणं. आतला दिवा लागतोय पण कॉम्प्रेसर पूर्ण गप्प, घुरघुरसुद्धा नाही, तर थर्मोस्टॅट, तुटलेली वायर, ओव्हरलोड किंवा उघडं पडलेलं वाइंडिंग बघायचं. घुरघुर करून काही सेकंदांत टिक, परत काही मिनिटांनी तेच, तर मोटरला वीज पोचतेय पण ती फिरत नाहीये. आमचं हे दुसरं. यात एक फसवी केस असते. चालू फ्रिज बंद करून लगेच चालू केला तर चांगला कॉम्प्रेसरही असंच करतो, कारण दोन्ही बाजूंचे प्रेशर समान व्हायला वेळ लागतो आणि पीटीसीही तापलेला असतो. पाचेक मिनिटं थांबायचं. आम्ही तर रात्रभर थांबलो होतो, तेव्हा तो प्रश्न नव्हता.

मग व्होल्टेज. काकांनी इथे मला पकडलं. मी प्लगमध्ये मोजून २१४ सांगितलं आणि पुढे निघाले. ते म्हणाले, ‘‘बेटा, झोपलेल्या माणसाचं वजन मोजू नको, उचलायला लाव आणि मग बघ.’’ कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करत असताना मोजलं तर १७८! क्लॅम्प मीटरवर ७ अँपिअर. म्हणजे ३६ व्होल्ट वाटेतच खर्च. ३६ भागिले ७, जवळपास ५ ओहम रेझिस्टन्स कुठेतरी बसलाय. तो सापडला एक्स्टेन्शन बोर्डात. चुलीवरच्या तव्यासारखी काळी पडलेली पिन आणि मोबाइल चार्जरच्या लायकीची वायर. स्टार्टिंग टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे १७८ ला २१४ च्या तुलनेत फक्त ६९ टक्के जोर. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न! मावशींना तसं सांगूनही आले. फ्रिज भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट लावला. व्होल्टेज पडून २०८ वर थांबलं. घुरघुर, टिक.

माझा चेहरा बघण्यासारखा झाला होता म्हणे.

मग प्लग काढून, नीट खात्री करून, कॉम्प्रेसरच्या बाजूचं झाकण उघडलं. (काही मॉडेलमध्ये कपॅसिटर असतो, तो आधी डिस्चार्ज करायचा. आमच्यात नव्हता.) रिले आणि ओव्हरलोड ओढून काढल्यावर तीन पिना दिसतात: कॉमन, स्टार्ट, रन. कोणती कुठली हे लिहिलेलं नसलं तरी मीटर सांगतो. तिन्ही जोड्या मोजा. आमचे आकडे १४, २१ आणि ३५ ओहम. सर्वांत मोठा आकडा स्टार्ट आणि रन यांच्यामधला, कारण तिथे दोन्ही वाइंडिंग सिरीजमध्ये येतात. म्हणून उरलेली पिन कॉमन. कॉमनपासून लहान आकडा रनचा, मोठा स्टार्टचा. १४ अधिक २१ बरोबर ३५. बेरीज जुळली तेव्हा मला जो आनंद झाला तो एम-थ्रीच्या पेपरातसुद्धा झाला नव्हता. एखादी जोडी अनंत दाखवत असती किंवा बेरीज जुळली नसती, तर साडेचार हजारवाले बरोबर ठरले असते. पिना आणि तांब्याची नळी (रंग खरवडून) यांच्यामध्ये मेगर लावला, गळती नाही. म्हणजे वाइंडिंग शाबूत.

ओव्हरलोड मोजला, जवळपास शून्य ओहम, ठीक. राहिला रिले. काकांनी तो कानाजवळ नेऊन हलवला आणि माझ्या हातात दिला. खुळखुळ्यासारखा वाजत होता. आतल्या चकतीचे तुकडे झाले होते आणि मीटर पूर्ण उघडं सर्किट दाखवत होता. स्टार्ट वाइंडिंगला काही पोचतच नव्हतं. कमी व्होल्टेजवर वारंवार अडखळून ती फुटली असावी असा काकांचा अंदाज. मला तो पटतो, पण सिद्ध करता येणार नाही.

बाजारातून तसाच पीटीसी आणि जोडीला नवा ओव्हरलोड आणला, दोन्ही मिळून २८० रुपये. जाताना जुना तुकडा आणि कॉम्प्रेसरच्या प्लेटवरचा मॉडेल नंबर न्यावा. नुसतं ‘फ्रिजचा रिले द्या’ म्हटलं तर दुकानदार काहीही देतो. लावला, झाकण बंद केलं, मगच प्लग. झाकण उघडं ठेवून वीज देऊ नये, त्या पिनांच्या मागे प्रेशर असतं. आणि प्लेटवर आर ६००ए लिहिलं असेल तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेटणारा वायू. नळ्या कापणं, टाके घालणं हे आपलं काम नव्हे. कॉम्प्रेसरवर हातोडी मारून ‘मोकळा’ करणारेही भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवावं. वाइंडिंग, व्होल्टेज, रिले सगळं ठीक असूनही घुरघुर-टिक राहिलं, तर आत पिस्टन जाम झालाय. तेव्हा मात्र कॉम्प्रेसर खरंच गेला.

या वेळी टिक झालं नाही. क्षणभर घुर्र, आणि मग तो ओळखीचा सपाट आवाज. क्लॅम्प मीटर ७ वरून १ च्या खाली उतरला. दहा मिनिटांनी मागची जाळी कोमट लागली. ती पहिल्या वर्षाची मुलगी तोवर डबा घेऊन आली होती, पण मावशींनी तिला थांबवलं. लॅबमधला थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात ठेवून आम्ही दोघी रात्री अकरापर्यंत मेसमध्ये बसलो. सहा अंश दिसल्यावर डबा मधल्या कप्प्यात गेला, फ्रीजरपासून लांब, कारण इन्शुलिन गोठलं तरी फुकट जातं.

काळा पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड सध्या रेक्टर मॅडमच्या टेबलावर आहे. मेसमध्ये वेगळा सॉकेट मागणारा अर्ज त्याच्याखाली दाबून ठेवलाय.