रक्तदानातील नित्यनेम

अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी नित्यनेमाने केले जाते, असा हजरत आयशा (रजि.) यांनी कथन केलेल्या एका हदीसचा आशय आहे. नमाज-तिलावतीच्या संदर्भात आपण ती वारंवार ऐकतो. रक्तदानाच्या वेळी मात्र तिचा विसर पडतो.

ईद-ए-मिलादला ठिकठिकाणी शिबिरे भरतात, तरुण रांगा लावतात. परंतु रक्तातील लाल पेशी रक्तपेढीत फार तर 42 दिवस टिकतात. थॅलेसेमियाग्रस्त बालकाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, तेही वर्षभर. (जवळच्या नात्यातील विवाहांत या आजाराचा धोका वाढतो, निकाहापूर्वी तपासणी करून घेण्यात कसला संकोच?) घाटाखालील एखाद्या गावच्या बाळंतिणीला मध्यरात्री रक्तस्राव होतो, तेव्हा तिला वाचवते ते कोणीतरी आधीच दिलेले, तपासून ठेवलेले रक्त.

असे आधीच देऊन ठेवणारे कोण असतात? पहिल्या वेळी बहुधा कोणीतरी मागितलेले असते : नातलगाची शस्त्रक्रिया किंवा मित्राचा आग्रह. दुसऱ्या वेळी भीती ओसरलेली असते. पुढे केव्हातरी ‘मी रक्त दिले’ याच्या जागी ‘मी रक्तदाता आहे’ ही जाणीव येते, आणि मग त्याला बोलवावे लागत नाही. सत्कर्म स्वभावात उतरते ते असे.

पैशाने हे घडत नाही. पैशासाठी येणारा आपला आजार लपवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर, 1 जानेवारी 1998 पासून, आपल्या देशात मोबदला घेऊन रक्त देणे बंद झाले. रक्ताची किंमत घेण्यास प्रेषितांनी (स.) केलेली मनाई सहीह बुखारीत आहेच. शरीराबाहेर आलेले रक्त नापाक, मग ते दुसऱ्याला कसे द्यावे, ही शंका अजूनही विचारली जाते. उपचाराची निकड असताना ते देणे उलमांनी जायज ठरविले आहे. आईच्या दुधाप्रमाणे तेही कोणताही अवयव न कापता देता येते. सूरह माइदाच्या 32 व्या आयतीत एक जीव वाचविणे हे अखिल मानवजातीला वाचविण्यासमान मानले आहे. तो जीव कोणत्या धर्माचा, अशी अट तेथे नाही.

18 ते 65 वयाच्या निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी, स्त्रीला दर चार महिन्यांनी रक्त देता येते. रमजानात रोजेदाराला दिवसा अशक्तपणा येण्याचा संभव असतो, म्हणून इफ्तारनंतर द्यावे. मोहल्ला समितीने रक्तपेढीशी आधी बोलून रात्रीचे शिबिर ठरविले, तर तो महिनाही कोरडा जाणार नाही.