सोबत्याची निवड

महाभारताच्या अखेरीस एक कथा येते. स्वर्गाच्या दाराशी इंद्राने धर्मराजाला रथात बसण्यास सांगितले. परंतु वाटेत अखेरपर्यंत सोबत केलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे त्याने साफ नाकारले. आपल्या आश्रयाला आलेल्यास सोडू नये, हा त्या कथेचा बोध होय.

हाच विचार पुढे संस्थांच्या रूपाने साकार झाला. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळे पारशी समाज खवळून उठला. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आदी दानशूर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तेथे पांजरपोळ स्थापन झाली. लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी निवारा उघडला. आज आपल्याकडेही अनेक शहरांत असे निवारे असून तेथून कुत्रा दत्तक घेता येतो.

तथापि कुत्रा आणणे म्हणजे खेळणे आणणे नव्हे. कुत्रा साधारणतः १० ते १३ वर्षे जगतो. आज सातवीत असलेला मुलगा शिक्षण संपवून नोकरीस लागेल, तेव्हाही त्या मुक्या जिवाला अन्न, फेरफटका व औषधपाणी लागणारच. म्हणून कुत्र्याकडे पाहण्यापूर्वी घरच्यांनी स्वतःकडे पाहावे. दिवसा घरी कोण असते? त्याला रोज फिरावयास कोण नेणार? घरात तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस आहे काय? खर्च झेपेल काय?

निवाऱ्यात पुष्कळांची नजर गोजिरवाण्या पिलावर खिळते. परंतु पिलू मोठेपणी कसे निघेल हे सांगणे कठीण असते आणि त्याला वळण लावण्यास फार चिकाटी लागते. वाढलेल्या कुत्र्याचा आकार डोळ्यांसमोर असतो, स्वभावाचाही बराच अंदाज येतो. आजी-आजोबा असलेल्या घरात शांत, पोक्त कुत्रा लवकर रुळतो. दाट केसांची, थंड प्रदेशातील कुत्री आपल्या उन्हाळ्याने हैराण होतात. गावठी कुत्रा येथील हवेला सरावलेला असतो.

जाळीआड भुंकणारा कुत्रा दुष्ट असतोच असे नाही. गोंगाटाने कित्येक कुत्री भेदरलेली असतात. म्हणून तेथील सेवकाला त्याची पूर्वकथा विचारावी व त्याला मोकळ्या जागी आणावयास सांगावे. मग त्याच्या अंगावर न वाकता स्वस्थ बसावे आणि त्याला आपण होऊन जवळ येऊ द्यावे. शक्य तर दोन-तीन वेळा भेटावे. पिसाळरोगाची लस टोचली आहे की नाही, हेही विचारून घ्यावे.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तो कोपऱ्यात दडून बसेल, कदाचित जेवणारही नाही. तो खाताना वा झोपला असताना त्याला छेडू नये. त्याच्या जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा मात्र पाळाव्यात. धीर धरला की भीती ओसरते आणि एके दिवशी शेपूट हलू लागते.

घाईने निवडलेला कुत्रा कित्येकदा निवाऱ्यात परत धाडला जातो. दुसऱ्यांदा टाकलेल्या त्या प्राण्याने माणसावर पुन्हा विश्वास कसा ठेवावा? यासाठी सर्वांत देखणा कोणता, हे न पाहता अखेरपर्यंत आपण कोणाला सांभाळू शकू, हे पाहावे. धर्मराजाची कसोटी स्वर्गाच्या दाराशी लागली. आपली घराच्या दाराशी लागते.