करंजीच्या पोटात

दिवाळीचा फराळ घरी करायचा की विकत आणायचा, हा प्रश्न आपण सगळा फराळ एका तराजूत टाकून सोडवायला जातो आणि तिथेच चुकतो. चकली, शेव, चिवडा हे पदार्थ बाहेर दिसतात तसेच आत असतात. चकलीचा तुकडा मोडला की ती खुसखुशीत आहे की दडस, हे लगेच कळतं. तेल जुनं असेल तर वासच सांगतो. करंजीचं तसं नाही. तिचं मोल जिच्यात आहे ती गोष्ट झाकलेली असते. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे, की वेळ कमी असेल तर बाकी सगळं खुशाल विकत आणावं, पण एकच पदार्थ घरी होणार असेल तर तो करंजी असावा. करंजी कौशल्याचं काम आहे, ती बिघडते, हे मला मान्य आहे, आणि ती कुठे बिघडते ते पुढे सांगणारच आहे. तरीही सल्ला हाच.

कारण सारणात आहे. दुकानात करंजी बहुधा वजनावर विकली जाते. घरी आपण सारण वाटीने मोजतो. या दोन मापांतच सगळा फरक पडतो. किसलेलं सुकं खोबरं हलकं, फुललेलं आणि महाग. साखर जड आणि स्वस्त. पारीचा मैदाही जड आणि स्वस्त. किलोच्या भावाने विकायचं असेल, तर खोबरं कमी करून साखर वाढवली किंवा पारी जाड ठेवली की तोच भाव परवडतो. खसखशीचं तर विचारायलाच नको. ती अफूच्या झाडाचं बी, त्या पिकाला आपल्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश एवढ्याच राज्यांत ते घेतलं जातं. तिचा भाव चढा राहणारच. चारोळीही तशीच महाग. त्यामुळे विकतच्या सारणातून आधी खसखस कमी होते, मग चारोळी, मग खोबऱ्याची जागा भाजलेला रवा घेतो. विकतची करंजी कानाशी धरून हलवून बघा. आत चमचाभर सारण खुळखुळत असेल, तर आपण पैसे पारीचे मोजले आहेत. पाकीटबंद असेल तर हलवायचीही गरज नाही. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मैदा पहिला येणं साहजिक आहे, पण त्यामागोमाग साखर आणि तेल येऊन खोबरं चौथं-पाचवं असेल, तर आत काय आहे ते न फोडताच कळलं.

यात कुणी फसवणूक करतो असं मी म्हणणार नाही. दुकानदाराची अडचण खरी आहे. त्याची करंजी टेम्पोतून जाते, खोक्यात एकावर एक रचली जाते, कधी परदेशी राहणाऱ्या मुलांपर्यंत पार्सलने पोचते. पातळ पारीची, ठासून भरलेली करंजी हा प्रवास सोसत नाही. ती फुटते आणि डब्याच्या तळाशी नुसतं सारण उरतं. म्हणून तो पारी जाड ठेवतो, सारण बेताचं भरतो आणि मोहनाला साजूक तुपाऐवजी वनस्पती किंवा पाम तेल वापरतो. वनस्पतीबद्दलची पूर्वीची मोठी भीती आता तितकी उरलेली नाही. जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे. पण चवीचा प्रश्न कायद्याने सुटत नाही. साजूक तूप तोंडातल्या उबेने विरघळतं, वनस्पती पुरती विरघळत नाही, आणि करंजी खाऊन झाल्यावर टाळूला जो मेणचट लेप राहतो तो तिचाच. एका बाबतीत मात्र कारागिराला मानलं पाहिजे. साट्याची, पापुद्रे सुटलेली करंजी त्याचा हात रोज त्या कामात असल्यामुळे सरस होते. तुम्हाला पापुद्रेच प्रिय असतील तर ती जरूर विकत आणा.

सगळ्यात वजनदार आक्षेप श्रमांचा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. 'घरची करंजी' म्हणताना घरातल्या एकाच बाईची कंबर मोडते, हे अनेक घरांतलं सत्य आहे. पण करंजी हे मुळात एकट्याने करायचं काम नव्हतंच. शेजारणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी बसायच्या. एकीने लाट्या करायच्या, दुसरीने पारी लाटायची, तिसरीने भरून कातणाने कापायचं, चौथीने तळायचं. ही नुसती हौस नव्हती, पदार्थाचीच ती गरज होती. भिजवलेला रवा-मैदा हवेला लागला की सुकतो, सुकलेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत, आणि अशी करंजी कढईत तोंड उघडते. सारण तेलात सांडतं, साखर जळते, तेल काळं पडतं आणि पुढची प्रत्येक करंजी त्या जळक्या वासाची होते. एकट्या माणसाने शंभर करंज्यांचा घाट घातला की हे हमखास होतं, आणि मग निष्कर्ष निघतो की घरी करण्यात अर्थ नाही. खरं तर चूक आकड्यात असते. वाटीभर रवा आणि वाटीभर मैदा एवढंच भिजवा. पंचवीसेक करंज्या होतील. घरातल्या पुरुषांना, मुलांना भरायला आणि कातायला बसवा. तळायला अनुभवी हात लागतो, कातण फिरवायला लागत नाही. कुणीच सोबत बसणार नसेल, तर त्या वर्षी करंजी करू नये असंच मी म्हणेन. त्यापेक्षा ओळखीच्या बचत गटाला किंवा घरगुती फराळ करणाऱ्या बाईंना आधी सांगून, सारणात काय हवं ते ठरवून, त्याचे रास्त पैसे द्यावेत. ती करंजीही घरचीच आहे, फक्त दुसऱ्या घरची.

आता ती कुठे बिघडते ते सांगतो. मोहन कडकडीत तापलेलं हवं. कमी पडलं तर पारी दगडासारखी होते आणि जास्त झालं तर करंजी तेलात विरते. दोन वाट्या पिठाला तीन टेबलस्पून पुरे. पीठ दुधात घट्ट भिजवून तास-दोन तास झाकून ठेवायचं आणि मग चांगलं कुटायचं. हा कुटण्याचा कंटाळा केला की रवा कच्चा राहतो आणि पारी चिरते. खोबरं मंद आचेवर बदामी होईपर्यंतच भाजायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय त्यात पिठीसाखर घालायची नाही. कोमट खोबऱ्यात साखरेला पाणी सुटतं आणि सारणाचा गोळा होतो. लाट्याही ओल्या फडक्याखाली आणि भरलेल्या करंज्याही ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, हे विसरू नये. कडेला दुधाचं बोट फिरवून दाबायचं, मगच कातायचं. आच मंद ते मध्यम असावी. तेल फार तापलं तर करंजी दोन मिनिटांत लाल होते, पण आतून कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

ओल्या नारळाच्या करंजीचा तर वादच नको. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. शिजवून आटवलेलं सारणही दिवस-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. कोकणातल्या गणपतीतली ही करंजी ज्या दिवशी करायची त्याच दिवशी खायची. गोव्यात चवथीला आणि नाताळच्या कुसवारात, म्हणजे तिथल्या फराळात, होणारी नेवरी हीच तिची बहीण, आणि तिच्यातही ओलं खोबरं असेल तर हाच नियम.

राहिला खोबऱ्याचा प्रश्न, कारण घरी करूनही करंजी फसते ती बहुतेक वेळा इथेच. किसलेलं खोबरं पाकिटातून आणू नका, वाट्या आणा. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल असतं. वाटीत ओल राहिली, बुरशी धरली की ते तेल खराब होतं आणि साबणासारखी चव येते. भाजल्याने ती जात नाही, साखरेने झाकली जात नाही. म्हणून वाटी दुकानातच मोडून बघावी. ती कट्कन मोडली पाहिजे, आतला भाग पांढरा हवा, पिवळसर डाग नकोत, आणि पाठीवरच्या तपकिरी सालीला नाक लावून वास घ्यावा. खवट वास आधी तिथे येतो. साल किसणीच्या पातळ बाजूने खरवडून काढावी आणि मगच खोबरं किसायला घ्यावं.