स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : आधीची तयारी, नंतरची शिस्त

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया म्हणजे पोटावरील चरबी कापून काढण्याची क्रिया, अशी समजूत सुशिक्षित वर्गातही आढळते. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत चरबीला हात लावला जात नाही. बदल केला जातो तो जठराच्या आकारात, आणि काही प्रकारांत लहान आतड्यातून अन्न जाण्याच्या मार्गात. त्यामुळे माणूस थोडक्यात तृप्त होतो, भूक जागविणारी द्रव्ये कमी स्रवतात आणि वजन महिनोन्‌महिने उतरत जाते. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत आटोपते. तिचे यश मात्र आधीच्या काही आठवड्यांवर आणि नंतरच्या सर्व वर्षांवर अवलंबून असते. पुण्यात उपचार घेऊन रुग्ण आपल्या गावी, शाळेत किंवा कचेरीत परततो, तेव्हा ही वर्षे त्याला रुग्णालयाच्या नजरेआड काढावयाची असतात. यास्तव त्याच्या भोवतालच्या माणसांनाही या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

पुण्याचा या विषयाशी असलेला संबंध केवळ रुग्णालयांपुरता नाही. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणसाच्या शरीररचनेविषयी केलेले संशोधन जगभर मान्यता पावले आहे. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांची छायाचित्रे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात शेजारी शेजारी प्रसिद्ध झाली. उंची आणि वजन यांच्या गणितावरून निघणारा देहभार निर्देशांक, ज्याला रुग्णालयात सर्वजण बी.एम.आय. म्हणतात, तो दोघांचाही २२.३ इतकाच होता. तथापि, युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही भारतीय प्रकृती जन्मापासूनच दिसते, हे पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झालेल्या मातृपोषण अभ्यासाने दाखवून दिले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो, परंतु वजनाने कमी असलेल्या आपल्या बालकांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक आढळली.

या संशोधनामुळे एक व्यावहारिक गोष्ट स्पष्ट झाली. पाश्चात्त्य देशांच्या मोजपट्ट्या आपल्याला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकमताने जे निकष ठरविले, त्यांनुसार निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त आणि २५ पासून स्थूलता मानली जाते. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा तो निर्देशांक ३७.५ च्या पुढे असेल तर; मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेत श्वास अडकणे यांसारखा विकार जोडीला असेल, तर ३२.५ च्या पुढे. हा निर्देशांक काढणे सोपे आहे. वजनाच्या किलोंना मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १२० किलो असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक सुमारे ४७ येतो. चार-पाच किलो वाढलेल्या वजनासाठी किंवा लग्नसराईत चांगले दिसण्यासाठी हा उपचार नाही, हे यावरून ध्यानात यावे.

जठर-बायपास ही मूळ शस्त्रक्रिया अमेरिकेतील आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली प्रथम केली. आज ती दुर्बिणीद्वारे, लहान छिद्रांतून होते. तीत जठराच्या वरच्या भागाची जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला स्लीव्ह म्हणतात, जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भुकेची जाणीव देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. मधुमेहावर याचा परिणाम विशेष लक्षणीय असतो. पुण्यातील डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील डॉ. डेव्हिड कमिंग्ज यांनी तुलनेने कमी निर्देशांकाच्या १५ मधुमेही रुग्णांवर बायपास करून त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केले. तीन महिन्यांच्या आत सर्वांची मधुमेहाची औषधे थांबली होती. अर्थात १५ ही संख्या लहान आहे, आणि मधुमेह काही वर्षांनी परतल्याची उदाहरणे जगभर आहेत. ‘मधुमेह कायमचा गेला’ अशी जाहिरात कोणी करीत असेल, तर तिच्यापासून चार हात दूर राहणेच बरे.

आधीचे आठवडे

निर्णय घेण्यापूर्वी आहार आणि व्यायाम यांचा प्रामाणिक प्रयत्न झालेला असावा. २०२५ पासून भारतात वजन घटविणारी नवी इंजेक्शनेही मिळू लागली आहेत. आपल्या बाबतीत त्यांचा उपयोग आहे किंवा नाही, हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. शल्यविशारदाला काही प्रश्न संकोच न बाळगता विचारावेत. अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? आहारतज्ज्ञ आपल्याकडे आहेत काय? पाच वर्षांनंतर अडचण आली तर पाहणार कोण? अनुभवी हातांत या शस्त्रक्रियेचा धोका पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेच्या जवळपास असतो, परंतु तो शून्य नसतो. रक्तस्राव, टाक्यातून गळती आणि पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे या तीन गोष्टींची कल्पना रुग्णाला व कुटुंबाला आधीच दिली गेली पाहिजे.

तपासण्यांत रक्तातील साखर, थायरॉइड, हृदय, फुप्फुसे आणि जठराची दुर्बिणीतून पाहणी यांचा समावेश असतो. बारा क्रमांकाच्या ब जीवनसत्त्वाची, लोहाची आणि ड जीवनसत्त्वाची पातळीही याच वेळी मोजून घ्यावी. याचे कारण पुण्यातच सापडते. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे शहर व परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्के पुरुषांत हे ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहार हे त्याचे प्रमुख कारण. शस्त्रक्रियेनंतर या जीवनसत्त्वाचे शोषण आणखी घटते. म्हणजे ज्याची तिजोरी आधीच रिकामी आहे, त्याचे उत्पन्नही बंद व्हावे, तसा हा प्रकार होतो. उणीव आधी भरून काढणे हाच शहाणपणा.

तंबाखू पूर्णपणे सोडावी लागते. येथे केवळ विडी-सिगारेटचा विचार करून चालत नाही. आपल्याकडे कित्येक स्त्रिया सकाळी दातांना मिश्री लावतात आणि तिला व्यसन समजत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारले असता सांगतही नाहीत. तंबाखूमुळे टाके भरून येण्यास विलंब लागतो आणि बायपासनंतर जोडाच्या ठिकाणी व्रण होतो. ही गोष्ट घरच्यांनीच स्पष्टपणे सांगितलेली बरी. शेवटचे दोन आठवडे बहुधा कमी उष्मांकाचा, प्रथिनयुक्त आहार देतात. यकृतातील चरबी उतरून ते आकुंचन पावावे आणि शल्यविशारदाला जठरापर्यंत सहज पोहोचता यावे, हा त्यामागील हेतू. या काळात जेवण घटल्याने मधुमेहाच्या औषधांची मात्राही कमी करावी लागते. ती डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, मनाने नव्हे.

खर्चाविषयी एवढे सांगणे पुरे की, २०१९ साली विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या प्रमाण अटींनुसार वय १८ किंवा अधिक, निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक, अथवा गंभीर सहविकारांसह ३५ किंवा त्याहून अधिक आणि इतर उपाय निष्फळ ठरलेले, अशा रुग्णाचा खर्च वगळता येत नाही. मात्र वर दिलेला भारतीय वैद्यकीय निकष आणि विम्याचा निकष यांत अंतर आहे. रुग्ण वैद्यकदृष्ट्या पात्र असूनही विम्याला अपात्र ठरू शकतो. आपल्या पॉलिसीचा कागद शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वी वाचावा.

नंतरचे जेवण

शस्त्रक्रियेच्या दिवशीच, बहुधा सायंकाळी, रुग्णाला उठवून चालविले जाते. दुखते म्हणून पडून राहू नये. गुठळीचा धोका टाळण्याचा तोच मार्ग आहे. पहिले दोन आठवडे केवळ द्रव आहार : वरणाचे गाळलेले पाणी, मुगाचे कढण, पातळ ताक, साय काढलेले दूध. घोट लहान, आणि दिवसभर थोडे थोडे. नंतरचे दोन आठवडे घोटलेले वरण, दही, नाचणीची आंबील असे मऊ पदार्थ, त्यानंतर मुगाची आसट खिचडी, पनीर, अंडे आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे घरगुती जेवण. भाकरी दुधात अथवा वरणात कुस्करून सुरू करावी. प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावावा. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाआधी व नंतर अर्धा तास जाऊ द्यावा. एक घास जास्त झाला तरी ओकारी होते, आणि हा धडा बहुतेक रुग्ण पहिल्या महिन्यातच शिकतात.

मुख्य प्रश्न आहे तो प्रथिनांचा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली नाहीत तर चरबीऐवजी स्नायू झिजू लागतात. आपल्या सामान्य ताटात पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि वाटीभर पातळ आमटी असते. एका अंड्यातून ६ ग्रॅम, ३० ग्रॅम डाळीतून सुमारे ७, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ आणि पाव लिटर दुधातून सुमारे ८ ग्रॅम प्रथिने मिळतात. हिशेब मांडला म्हणजे दिसते की, शाकाहारी रुग्णाला एवढ्याशा जठरात ६० ग्रॅम बसविणे पहिले काही महिने जवळजवळ अशक्य असते. प्रथिनांची पूड दुधातून वा ताकातून घ्यावीच लागते. जेवायला बसल्यावर आधी डाळ, उसळ, पनीर अथवा अंडे खावे, मग भाजी, आणि जागा उरलीच तर पोळी-भात. आपल्या जेवणाचा क्रम अगदी उलटा करावा लागतो, आणि वाढणाऱ्या गृहिणीला तो आधी समजावून द्यावा लागतो.

उपवासाचे दिवस वेगळा विचार मागतात. आषाढी, चतुर्थी, नवरात्र यांच्या फराळातील साबुदाण्यात प्रथिने नाममात्र असतात. निदान पहिले वर्ष उपवास न करणे उत्तम. ज्यांना ते मनाला पटत नाही त्यांनी दूध, दही, ताक आणि पनीर यांवर उपवास करावा. औषधाच्या गोळ्या त्या दिवशीही चुकवू नयेत. गोडाबाबत बायपास झालेल्यांनी विशेष जपावे. श्रीखंड, जिलेबी, उसाचा रस यांतील साखर आतड्यात एकदम उतरल्यामुळे छातीत धडधड, घाम, चक्कर आणि जुलाब होतात. लग्नाच्या पंगतीतील ‘माझ्या हातचा एक तरी’ हा आग्रह प्रेमाचा असतो खरा; पण येथे तो यजमानांनीच आवरावा. रुग्णाने नम्रपणे ताटावर हात आडवा धरला, तर त्याचा अपमान मानू नये.

गोळ्या आणि लक्षणे

वजन उतरते ते प्रामुख्याने पहिल्या १२ ते १८ महिन्यांत. एकूण वजनाच्या पाव ते तीस टक्के घट अपेक्षित धरावी. म्हणजे वरील १२० किलोंच्या व्यक्तीचे वजन ८५ ते ९० किलोंच्या आसपास स्थिरावेल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात आणि रुग्ण घाबरतो. प्रथिने व लोह यांकडे लक्ष दिल्यास ते बहुधा पुन्हा येतात. वेगाने वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो, म्हणून अनेक डॉक्टर सहा महिने प्रतिबंधक औषध देतात. स्त्रियांनी १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी. वजन उतरू लागताच बंद पडलेली पाळी सुरू होऊन नकळत दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते गोळ्यांकडे. वजन उतरले, अंगात हुशारी आली, की दुसऱ्या वर्षी गोळ्या मागे पडतात. परंतु बहुजीवनसत्त्वे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, लोह आणि ब-१२ ही आयुष्यभराची सोबत आहे. लोह व कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. ब-१२ च्या अभावाचे परिणाम सावकाश दिसतात : तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण. ते वयावर किंवा मधुमेहावर ढकलले जातात, आणि तेवढ्या अवधीत मज्जातंतूंची कायमची हानी होऊ शकते. महिन्याचे एक साधे इंजेक्शन ती टाळू शकते, आणि त्यासाठी दरवेळी पुण्याला जाण्याची गरज नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर ते गावाजवळच्या दवाखान्यातही घेता येते. रक्ततपासणी मात्र पहिल्या वर्षी तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी झालीच पाहिजे.

काही लक्षणे थांबून पाहण्याजोगी नसतात. पहिल्या काही आठवड्यांत नाडी मिनिटाला १२० च्या पुढे जाणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात तीव्र वेदना, दम लागणे, पोटरीला सूज, यांपैकी काहीही दिसल्यास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी तत्काळ संपर्क साधावा. पुढेही केव्हा दोन-तीन दिवस ओकाऱ्या थांबल्या नाहीत, तर ब-१ जीवनसत्त्व संपून मेंदूवर आघात होऊ शकतो. अशा रुग्णाला ग्लुकोजची सलाईन लावण्यापूर्वी ब-१ देणे आवश्यक असते. ही बाब ग्रामीण भागातील डॉक्टरांच्या ध्यानात आणून द्यावी लागते. तसेच अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बायपास झालेल्याला व्रण करू शकतात.

म्हणून रुग्णाने एक कार्ड सदैव खिशात बाळगावे. त्यावर शस्त्रक्रियेचे नाव व तारीख, रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक, चालू औषधे आणि ‘ओकाऱ्या होत असल्यास प्रथम ब-१ द्यावे, वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात’ या सूचना मराठीत व इंग्रजीत लिहिलेल्या असाव्यात. त्याची एक प्रत घरी आणि एक गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवावी.